थेंबातले फूल स्पष्ट, थेंब मात्र धूसर: जलबिंदूंच्या छायाचित्रांतली नेहमीची अडचण आणि तिचे निवारण

गवताच्या पात्याच्या टोकाला लोंबणारा थेंब, त्यात उलटे दिसणारे फूल आणि मागे विरघळलेला हिरवा रंग, असे छायाचित्र काढू पाहणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकाच ठिकाणी येऊन थांबते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सारे नीट वाटते. घरी येऊन संगणकावर चित्र मोठे करून पाहिले की थेंबाची कड तरी धूसर निघते, नाहीतर आतले फूल तरी. मग जड ट्रायपॉड घेतला जातो, महागडी मॅक्रो लेन्स मागवली जाते, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/२२ पर्यंत बारीक केले जाते (एफचा आकडा मोठा तेवढे छिद्र बारीक), आणि तक्रार जिथल्या तिथे राहते. याचे कारण बहुतेक वेळा साधनात नसून एका गृहीतकात असते. थेंब ही एकाच अंतरावर असलेली एक वस्तू आहे असे आपण धरून चालतो. तसे नसते, आणि ते का नसते हे एकदा ध्यानात आले की उपाय फारसे खर्चिक उरत नाहीत.

आधी निदान

बिघडलेले चित्र लगेच पुसून टाकू नये. ते संगणकावर शंभर टक्के आकारात उघडून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तपासावे आणि एकच प्रश्न विचारावा: या चित्रात कुठेतरी, काहीतरी, अगदी धारदार आले आहे का? पात्यावरची लव, एखादा धुळीचा कण, थेंबाच्या मागचा देठ, काहीही चालेल. असे काही सापडले तर लेन्स निर्दोष आहे, हातही स्थिर होता; फोकस फक्त चुकीच्या पातळीवर पडला. काहीच धारदार नसेल आणि सगळ्या ठळक बिंदूंच्या एकाच दिशेने रेघा ओढल्यासारख्या झाल्या असतील, तर पाते किंवा कॅमेरा हलला. रेघा नाहीत, पण सारे चित्र सारखेच मऊ आहे, आणि ॲपर्चर एफ/२२ किंवा एफ/३२ होते, तर दोष विवर्तनाचा, म्हणजे फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा, आहे. चित्रावर दुधाळ पडदा असेल आणि काळा रंगही राखाडी दिसत असेल, तर लेन्सच्या काचेवर बाष्प जमले होते किंवा सूर्य तिरपा थेट काचेवर येत होता. या चार तक्रारींचे उपाय निरनिराळे आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीवर केल्याने पुष्कळ सकाळी वाया जातात.

एका थेंबाच्या तीन पातळ्या

पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा, १.३३ आहे. या आकड्याचा परिणाम असा की पाण्याच्या गोल थेंबाचे नाभीय अंतर, त्याच्या केंद्रापासून मोजले तर, त्याच्या व्यासाइतकेच भरते. म्हणजे ४ मिलिमीटर व्यासाच्या थेंबामागे फूल असेल, तर त्या फुलाची उलटी प्रतिमा थेंबाच्या आत तयार होत नाही. ती थेंबाच्या केंद्रापासून साधारण ४ मिलिमीटर अलीकडे, म्हणजे थेंबाच्या पृष्ठभागाच्याही २ मिलिमीटर बाहेर, कॅमेऱ्याच्या बाजूला हवेत तयार होते. डोळ्याला ती आत वाटते, कॅमेऱ्याला मात्र ती बाहेर सापडते. थेंबाची गोल कड केंद्राच्या पातळीवर असते. कॅमेऱ्याच्या बाजूने येणाऱ्या सूर्याचा किंवा फ्लॅशचा तेजस्वी ठिपका हा थेंबाच्या पुढच्या बहिर्वक्र पृष्ठभागावरून परावर्तित होऊन आलेला असल्यामुळे तो या दोहोंच्या मध्ये, पृष्ठभागाच्या सुमारे १ मिलिमीटर आत दिसतो. कड, ठिपका आणि फूल अशा तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात, आणि कड व फूल यांच्यात पूर्ण ४ मिलिमीटरचे अंतर पडते.

आता दुसरी बाजू पाहू. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ मोठेपणाने, म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर पडेल अशा रीतीने चित्र घेतले, तर एफ/८ ला स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग धारदार येतो ती जाडी, जेमतेम १ मिलिमीटर मिळते. एफ/१६ ला ती सुमारे १.९ मिलिमीटर होते, म्हणजे लागणाऱ्या खोलीच्या निम्मीसुद्धा नाही. शिवाय १:१ ला लेन्सचे प्रत्यक्ष छिद्र दुपटीने बारीक असल्यासारखे वागते. एफ/१६ चे एफ/३२ होते, आणि विवर्तनामुळे सारेच चित्र मऊ पडू लागते. म्हणूनच ॲपर्चर बारीक करत जाण्याचा सर्वांना सुचणारा उपाय इथे उलटतो: खोली पुरत नाही ती नाहीच, आणि होती ती धारही जाते.

खरा उपाय थोडे मागे सरकण्याचा आहे. मोठेपणा १:१ ऐवजी १:२ ठेवला, तर एफ/११ ला स्पष्टतेची खोली जवळपास ४ मिलिमीटर मिळते, आणि प्रत्यक्ष छिद्र एफ/१६ च्या आसपासच राहते. थेंब चित्रात निम्म्या आकाराचा येईल हे खरे, पण आजच्या २४ मेगापिक्सेलच्या चित्रातून कडा कापून तो मोठा करता येतो; धूसर आलेला मोठा थेंब मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने धारदार होत नाही. लेन्स जेवढी जवळ नेता येईल तेवढी न्यायची ही सवय या विषयात सर्वांत जास्त नुकसान करते, असे माझे मत आहे.

मागे सरकूनही फोकस कुठे करायचा हा प्रश्न उरतो, कारण मिळालेली खोली कड आणि फूल या दोहोंत वाटली गेली पाहिजे. या दोन पातळ्यांचा मध्य थेंबाच्या पुढच्या पृष्ठभागावर, कॅमेऱ्याकडे झालेल्या फुगवट्याच्या अगदी टोकाशी येतो. तिथे पारदर्शक पाण्यावर फोकस धरायला काहीच नसते, आणि ऑटोफोकस पुढेमागे भटकत राहतो तो याचसाठी. ऑटोफोकस बंद करावा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करावा, आधी थेंबाची कड धारदार करावी आणि मग फोकसच्या कड्याला हात न लावता कॅमेरा थेंबाच्या त्रिज्येइतका, ४ मिलिमीटरच्या थेंबासाठी २ मिलिमीटर, मागे घ्यावा. फोकसिंग रेल, म्हणजे कॅमेरा मिलिमीटरने पुढेमागे सरकवणारी पट्टी, असेल तर हे सहज होते. नसेल तर ट्रायपॉडचे पाय हलवण्यापेक्षा छातीवर टेकवलेला कॅमेरा शरीरासह किंचित मागे झुकवून पाच-सहा चित्रांची मालिका घेणे अधिक भरवशाचे ठरते, कारण त्यातले एखादे योग्य जागी पडतेच.

दोन पातळ्यांपैकी एकच घ्यायची ठरवली तरी काही बिघडत नाही, पण ती ठरवून घ्यावी. फूल धारदार आणि कड किंचित मऊ असे चित्र पाहणाऱ्याला खटकत नाही. कड धारदार आणि आत रंगाचा नुसता डाग, हेही चालते. दोन्ही थोडे थोडे धूसर असलेले चित्र मात्र कोणालाच आवडत नाही, आणि नकळत काढलेली बहुतेक चित्रे नेमकी तशीच असतात.

फोकस स्टॅकिंगचा, म्हणजे वेगवेगळ्या पातळ्यांवर फोकस केलेली अनेक चित्रे सॉफ्टवेअरने एकत्र जोडण्याचा, सल्ला अनेक जण देतात. वारा अजिबात नसेल तर तो चांगला आहे, परंतु पारदर्शक थेंबावर सॉफ्टवेअर गोंधळते: एकाच जागी पृष्ठभागावरचे प्रतिबिंब आणि अपवर्तित फूल अशा दोन गोष्टी दिसत असल्यामुळे कोणती ठेवायची हे त्याला ठरवता येत नाही, आणि फुलाभोवती चकाकीची दुहेरी वलये उमटतात. अशा वेळी कडेच्या पातळीचे एक आणि फुलाच्या पातळीचे एक अशी दोनच चित्रे घेऊन ती हाताने मास्क करून जोडणे बरे.

मोबाइल वापरणाऱ्यांची इथे सोय आहे. लहान सेन्सरमुळे स्पष्टतेची खोली पुष्कळ मिळते, त्यामुळे कड आणि फूल दोन्ही स्पष्ट आलेली चित्रे मोबाइलवर सहज निघतात. तिथली अडचण वेगळी असते: फोन वस्तूजवळ नेला की तो आपणहून दुसऱ्या लेन्सवर जातो आणि चौकट अचानक उडी मारते. सेटिंगमधला आपोआप मॅक्रोचा पर्याय बंद करून लेन्स स्वतः निवडावी, आणि फोनची सावली थेंबावर पडत नाही ना हे पाहावे.

थेंब रिकामा का दिसतो

फूल मागे ठेवूनही थेंबात नुसता राखाडी-हिरवा रंग येतो, ही तक्रार अंतराची असते. फुलाची रुंदी आणि त्याचे थेंबापासूनचे अंतर सारखे असेल, तर फुलाची प्रतिमा थेंबाच्या सुमारे ७० टक्के व्यासावर पसरते. अंतर रुंदीच्या दुप्पट केले की ती ४५ टक्क्यांवर येते. म्हणजे ५ सेंटिमीटर रुंदीचा झेंडू थेंबामागे ५ सेंटिमीटरवर ठेवला तर थेंब भरून दिसतो, १० सेंटिमीटरवर ठेवला तर फुलाभोवती हिरवळही येते, आणि अर्ध्या मीटरवर ठेवला तर त्याचा एक पिवळा ठिपका उरतो. गंमत अशी की यात थेंबाचा आकार कुठेच येत नाही. लहान थेंब असो वा मोठा, प्रमाण तेच राहते.

फूल कॅमेरा आणि थेंब यांच्या सरळ रेषेत असावे लागते, आणि त्याच्यावर प्रकाश पडलेला असावा लागतो. सावलीतले फूल थेंबात काळपट दिसते. प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे वरचे आकाश थेंबाच्या तळाशी येते, तेव्हा तळाशी पांढरा पट्टा आला तर कॅमेरा किंचित वर घेऊन खाली रोखावा. सोनकी किंवा तेरडा यांसारखी रानफुले यासाठी खुडू नयेत. बाजारातला झेंडू खिशात घालून नेला तर काम भागते. चित्राखाली तसे लिहावे म्हणजे झाले.

वारा

थेंब पात्यावर असतो आणि पाते कधीच स्वस्थ नसते. डोळ्याला जेमतेम जाणवेल अशा गतीने, समजा सेकंदाला ५ मिलिमीटर, पाते हलत असेल, तर १/१२५ सेकंदात थेंब ०.०४ मिलिमीटर सरकतो. १:१ मोठेपणाला सेन्सरवरही तो तेवढाच सरकतो, आणि एक पिक्सेल साधारण ०.००४ मिलिमीटरचा धरला तर ही दहा पिक्सेलची रेघ झाली. १/१००० सेकंदाला ती एखाद्या पिक्सेलवर येते. म्हणून ट्रायपॉडवर कॅमेरा कितीही घट्ट बसवला तरी पाते हलत असताना १/१२५ ने काम होत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० किंवा १६०० करून शटरचा वेग वाढवणे अधिक हिताचे. थोडे दाणेदार चित्र नंतर सुधारता येते.

पात्याला आधार देण्यासाठी जमिनीत रोवलेली बांबूची बारीक काडी आणि तिला बांधलेला कपड्यांचा चिमटा पुरतो. चिमटा थेंबाच्या जागेपासून वीतभर खाली, देठाशी लावावा आणि लावताना श्वास रोखावा, कारण पहिल्याच धक्क्याला थेंब गळतो. वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून ठेवण्याची कल्पना चांगली वाटते, पण उघडी छत्री स्वतःच वारा धरते आणि पात्याभोवती भोवरे तयार करते. पाठीवरची पिशवी आडवी ठेवणे किंवा शेताच्या बांधाआडची जागा शोधणे जास्त उपयोगी पडते.

फ्लॅश कमी शक्तीवर लावला तर त्याची चमक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असू शकते आणि हालचाल पूर्ण गोठते. त्याबरोबर दोन नव्या तक्रारी येतात. पहिली, पार्श्वभूमी काळी पडते, कारण फ्लॅशचा प्रकाश तिथवर पोहोचत नाही. यासाठी आयएसओ वाढवून नैसर्गिक प्रकाशालाही वाव द्यावा, मात्र तो फार वाढवला तर धारदार थेंबाशेजारी त्याचीच पुसट सावली उमटते. दुसरी, फ्लॅशचा चौकोनी चेहरा थेंबात जसाच्या तसा दिसतो. ट्रेसिंग पेपरचा हातभर तुकडा वाकवून फ्लॅश आणि थेंब यांच्या मध्ये धरला की तो चौकोन मोठा व मऊ होतो. थेंबात जे दिसते तो प्रकाश देणाऱ्या वस्तूचाच आकार असतो, हे लक्षात ठेवून डिफ्यूजर कापावा.

चकाकी, आणि अळूचे पान

थेंबावरचा तेजस्वी ठिपका पूर्णपणे घालवण्याच्या मागे लागू नये. त्या ठिपक्याशिवाय थेंब ओला वाटत नाही. तो लहान असावा आणि एकच असावा, एवढेच पाहावे. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) कमी ठेवून रॉ फाइलमध्ये चित्र घेतले की आजूबाजूचा तपशील वाचतो. पानाची तेलकट चमक काढायला पोलरायझर, म्हणजे परावर्तित चमक अडवणारा फिरता फिल्टर, उपयोगी पडतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून पाहिले तर त्याचा परिणाम सर्वाधिक असतो, पण त्यापायी प्रकाश एक ते दोन स्टॉप जातो आणि शटर पुन्हा मंदावते, तेव्हा वाऱ्याच्या सकाळी तो पिशवीतच ठेवावा.

अळूच्या पानावरचा थेंब पाऱ्यासारखा पांढरा का येतो, आणि पोलरायझर फिरवूनही तो पांढरेपणा का जात नाही, हा प्रश्न पावसाळ्यात हमखास निघतो. अळवावरचे पाणी पानाला चिकटत नाही, कारण पानाच्या मेणचट, सूक्ष्म उंचवट्यांच्या पृष्ठभागावर थेंब अडकलेल्या हवेच्या पातळ थरावर टेकलेला असतो. पाण्यातून या हवेकडे जाणारा प्रकाश ४८.६ अंशांहून जास्त तिरका आला तर तो सगळाच्या सगळा परत फिरतो, आणि थेंबाचा तळ आरसा होतो. पूर्ण आंतरिक परावर्तन पोलरायझरने कापले जात नाही. उपाय कोन बदलण्याचा आहे: कॅमेरा खाली नेला की चांदी दिसते, वर आणला की ती नाहीशी होऊन थेंबाखालच्या पानाच्या शिरा मोठ्या झालेल्या दिसतात. २-३ मिलिमीटरच्या पुढचे थेंब स्वतःच्या वजनाने चपटे होऊ लागतात, म्हणून गोलपणा हवा असेल तर अळूवरही लहान थेंबच निवडावेत.

लेन्सवरचे धुके

जुलैमध्ये वातानुकूलित गाडीतून उतरून घाटात कॅमेरा बाहेर काढला की काच क्षणात पांढरी होते. ती पुसून उपयोग नसतो, कारण काच थंड आहे तोवर बाष्प पुन्हा जमते. उतरण्याच्या अर्धा तास आधी गाडीतील एसी बंद करावा किंवा कॅमेरा बंद पिशवीत ठेवून पिशवीसकट बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. हिवाळ्यात पहाटे उलटे होते: काच बाहेर ठीक असते आणि आपल्याच श्वासाने धुरकटते, तेव्हा तोंड बाजूला वळवून श्वास सोडावा.

थेंब कुठे आणि कधी

दव पडायला निरभ्र आकाश आणि पडलेला वारा लागतो. ढगाळ रात्रीनंतर भल्या पहाटे उठून गेलेल्यांना कोरडे गवत मिळते, यात नशिबाचा भाग नाही. देशावर मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत सूर्योदयाच्या आगेमागे तासभर काम होते. पुढे ऊन तापून वारा सुटतो आणि दवही उडते.

दवाचे थेंब फार बारीक असून पानावर पांढरी भुकटी पसरल्यासारखे येतात, अशी तक्रार असेल तर दवाऐवजी पानांच्या कडा पाहाव्यात. तिथल्या दातेरी टोकांवर सारख्या अंतराने बसलेले टपोरे थेंब हवेतून पडलेले नसतात. ओल्या मातीतून मुळांनी ओढलेले पाणी वनस्पतीने जलरंध्रांतून बाहेर टाकलेले असते. महाबळेश्वर-पाचगणीकडच्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर सकाळी ते फार छान दिसतात; शेत कोणाचेतरी असते, तेव्हा विचारून आत जावे. कास पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिसणाऱ्या ड्रॉसेरा या कीटकभक्षी वनस्पतीच्या केसांवरचे तांबूस थेंब पाणी नसून कीटक पकडण्याचा चिकट द्राव आहे, आणि म्हणून ते ऊन चढले तरी वाळत नाहीत. तिथे पायवाट सोडून गुडघे टेकले तर चित्रात न येणारी शंभर रोपे चिरडली जातात, म्हणून लांब पल्ल्याची लेन्स आणि एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसवायची पोकळ नळी) हीच जोडी बरी. हरभऱ्याच्या पानांवरच्या थेंबांत आंब उतरलेली असते. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते, तेव्हा पाने लेन्सला घासली गेली तर काच ओल्या फडक्याने लगेच पुसावी. कोकणात गवतात पालथे पडण्याआधी काठीने जागा झोडून घ्यावी. तिथे फुरसे आढळते.

दव मिळाले नाही तर फवारणीच्या बाटलीने साधे पाणी मारायला हरकत नाही, मात्र स्पर्धेच्या निसर्ग विभागात ते चालते का हे आधी पाहावे. पाण्यात ग्लिसरीन मिसळण्याची युक्ती घरातल्या कुंडीपुरती ठेवावी, कारण ते लवकर वाळत नाही आणि रानात बारीक किडे त्याला चिकटून मरतात. निम्मे ग्लिसरीन घातलेल्या थेंबाचा अपवर्तनांक १.४० च्या आसपास जातो, त्यामुळे फुलाची प्रतिमा थेंबाच्या अधिक जवळ, ४ मिलिमीटरच्या थेंबात केंद्रापासून सुमारे ३.५ मिलिमीटरवर पडते आणि कडेसह ती धारदार मिळवणे थोडे सोपे होते. स्टुडिओतल्या थेंबांशी रानातल्या थेंबांची तुलना करताना हा अर्धा मिलिमीटर हिशेबात धरावा.